बाबांच्या कॉम्प्युटरमधली ड्रायव्हरची भांडणं

"कालपर्यंत चालत होता, मी काहीच केलं नाही," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. या वेळी मात्र ते खरं होतं, कारण केलं होतं मी. विंडोज ७ च्या काळातला त्यांचा डेस्कटॉप, त्यावर पुढे चढवलेलं विंडोज १०, आणि त्यात मी चुलतभावाकडचं जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं. त्या संध्याकाळपासून स्पीकर मुके आणि अधूनमधून निळा स्क्रीन. निस्तरायला तीन रविवार गेले.

पहिला रविवार मी स्वतःच्या हाताने वाया घालवला. एका दमात चार ड्रायव्हर (एखादा भाग कसा चालवायचा ते विंडोजला सांगणारी सॉफ्टवेअरं) बदलले आणि मग कशाने काय बिघडलं ते कळेना. तेव्हापासून शेजारी वही ठेवते: एक बदल, एक रीस्टार्ट, वहीत एक ओळ. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं तर मी या मशीनजवळ फिरकूही देत नाही.

हात लावण्याआधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर मागे परतायची खूण, करून घ्या. सिस्टिम प्रोटेक्शन बंद असेल तर आधी ते सुरू करावं लागतं. मग विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबून आलेल्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा; कॉम्प्युटरचे सगळे भाग तिथे दिसतात. पिवळा त्रिकोण दिसला की त्या नावावर डबल क्लिक करून कोडचा आकडा वाचा. लोक हा आकडा वाचतच नाहीत आणि थेट ड्रायव्हर शोधत सुटतात. २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही. १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाही. चुकीचा ड्रायव्हर हे त्याचं एक नेहमीचं कारण. ४३ म्हणजे डिव्हाइसनेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. इथे ड्रायव्हरइतकाच संशय कार्डावर आणि केबलवर घ्या. खरीखुरी मारामारी, म्हणजे भागाला लागणारी आयआरक्यूसारखी साधनं मोकळी नाहीत, हे सांगणारा आकडा १२.

नुसतंच 'अननोन डिव्हाइस' दिसत असेल तर प्रॉपर्टीजमध्ये डीटेल्स, आणि तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हेन' (VEN) या अक्षरांपुढची चार चिन्हं कंपनी सांगतात, 'डेव्ह'(DEV)पुढची चार नेमका भाग. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ च्या त्यांच्या प्रोसेसरचाच आकडा, कोणीतरी गंमत केलेली दिसते), १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. आठही चिन्हं जशीच्या तशी शोधली की अंदाजाने ड्रायव्हर उतरवावा लागत नाही. उतरवताना ३२ बिट की ६४ बिट एवढं बघा. इथे एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आता माझ्या घोळाकडे. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' केल्यावर फिकट रंगाची नावं दिसली. केव्हाच काढून टाकलेलं आधीचं ग्राफिक्स कार्ड, त्याचा आवाजाचा भाग, एक वेबकॅम. वस्तू गेल्या होत्या, नोंदी आणि ड्रायव्हर घरातच होते. फिकट दिसतं ते सगळं उडवू नका. न लावलेला पेनड्राइव्हसुद्धा तिथे दिसतो. ओळखीचं आणि कायमचं गेलेलं तेवढंच काढा.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा. नवा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. नेटवर्कचा ड्रायव्हर काढून मग नेटवर नवा शोधायला बसण्याचा पराक्रम मी केलेला आहे. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट तुमच्या पाठीमागे स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवतं. 'अनइन्स्टॉल' करताना ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसायची चौकट येते, तिच्यावर खूण करा. ती राहिली तर रीस्टार्टनंतर तोच ड्रायव्हर परत हजर. माझा दुसरा रविवार या एका खुणेपायी गेला. निळा स्क्रीन हे करू देत नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन काढा.

एवढ्याने निळा स्क्रीन थांबला. आवाज मात्र आला नाही, आणि त्याचं कारण वेगळंच निघालं: नव्या कार्डाने एचडीएमआयचं आउटपुट डीफॉल्ट करून ठेवलं होतं. स्पीकरच्या चिन्हावरून ते बदललं. आवाज आला, पण तडतडत. तेव्हा 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये जाऊन कॉम्प्युटरवरच्या यादीतून स्वतः निवडायचा पर्याय घेतला आणि कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी मायक्रोसॉफ्टचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिला. तडतड बंद. इक्वलायझर गेला, पण बाबांना तो कुठे होता हेही माहीत नव्हतं.

कोड १२ आलाच, तर प्रॉपर्टीजमधल्या 'रिसोर्सेस'मध्ये कोणाशी टक्कर आहे ते दिसतं. पूर्वीच्या मशीनमध्ये आयआरक्यू (भागांनी प्रोसेसरला हाक मारायचे क्रमांक) ० ते १५ असे सोळाच, त्यामुळे कार्डं त्यांवरून भांडायची. पुढे पीसीआय कार्डं ते वाटून घेऊ लागली. तरी जुन्या बोर्डावर हे घडलं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन न वापरलेला सीरियल आणि प्रिंटरचा पोर्ट बंद करून बघा, नाहीतर कॉम्प्युटर बंद करून, विजेची वायर काढून कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवा.

चौथ्या रविवारी बाबांचा फोन आला: प्रिंटर चालत नाही, आणि त्यांनी काहीच केलेलं नाही. मी वही घेऊन निघाले.