खानदेशातली ऐतिहासिक अद्भुत कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

प्रेम, रहस्य आणि जादू एकत्र आणणारी ऐतिहासिक कादंबरी फसते ती बहुतेक वेळा जादूमुळे. खुनाचा तपास अडतो आणि पंचविसाव्या प्रकरणात नायिकेला एकाएकी मृतात्म्यांशी बोलता येतं! इतकी पानं डोकं लढवलेल्या वाचकाची ही सरळ फसवणूक आहे. जादूला काय जमतं आणि काय नाही, हे ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीत पहिल्या दहा हजारांतच प्रसंगातून दाखवा. समजा, तापीचं पाणी ओंजळीत घेतलं की त्या घाटावर शेवटचं बोललेलं वाक्य ऐकू येतं, पण बोलणारा दिसत नाही आणि पुरात काहीच ऐकू येत नाही. मग आवाज कुणाचा, हे माणसांनाच शोधावं लागेल. जादूने धागा द्यावा, उत्तर नाही.

साल आधी पक्कं करा. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य 1382 ते 1601. असीरगडाच्या 1600 मधल्या वेढ्यातला नायक बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यातून निसटू शकत नाही. ते भुयारी कालवे 1615 च्या सुमाराचे. 1400 च्या तापीकाठच्या थाळनेरात मिरचीचा ठेचा आणि शेंगदाणेही नकोत, दोन्ही अमेरिकेतून नंतर आले. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं वापरा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खुशाल वाढा.

थाळनेर ते बुऱ्हाणपूर सरळ रेषेतच सुमारे 130 किलोमीटर. बैलगाडीला पाच-सहा दिवस धराच, आणि पावसाळ्यात तापी ओलांडायला उतार मिळत नाही. हे विसरलात तर संशयिताचा 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' हा बचाव कोसळतो.

अहिराणी संवादात प्रमाण वाक्याला नुसतं 'शे' (म्हणजे 'आहे') चिकटवू नका. 'तू कुठे जात शे?' असं कुणी बोलत नाही. 'तू कथा जाई राहिनी?' असं विचारतात. संवाद बोलणाऱ्याकडून तपासून घ्याच.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते प्रेम आणि रहस्य एकमेकांत गुंतवणं. भेटीचा प्रसंग काढून पाहा. तपासाला धक्का लागत नसेल, तर तो प्रसंग सुटा आहे. उदाहरणार्थ, खून कार्तिक वद्य अष्टमीच्या रात्री झाला. नायिकेचा प्रियकर सांगतो, 'पहिल्या प्रहरी चांदण्यात मारेकऱ्याचा चेहरा पाहिला.' पण वद्य अष्टमीचा चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास. हे तुमच्याकडून नकळत झालं तर घोडचूक. ठरवून केलंत तर तिला त्याचं खोटं पकडता येतं, आणि पकडल्यावर बोलायचं की गप्प राहायचं हा पेच तिच्यापुढे उभा राहतो. मात्र तिथी त्याच प्रकरणात सांगू नका. दोन प्रकरणं आधी घरात काळभैरव जयंतीचा (तीच कार्तिक वद्य अष्टमी) उपास चालू असल्याचं जाता जाता येऊ द्या, आणि प्रियकराची साक्ष कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशात उरका.