वीस फुटी, चाळीस फुटी की हाय क्यूब? आधी माल मोजा, मग कंटेनर बुक करा

घनमीटर, म्हणजेच सीबीएम, काढून कंटेनर ठरवणारे बहुतेक जण वजन विसरतात. म्हणून आधी वजन बघू. पॅकिंग आणि पॅलेट (माल ज्यावर रचतात तो पाट) धरून मालाचं एकूण वजन घ्या आणि एकूण सीबीएमने भागा. एका सीबीएमला साधारण ४०० ते ४५० किलोच्या वर आकडा गेला, तर माल 'जड' समजा आणि वीस फुटीकडे वळा. वीस फुटीत सुमारे २८ टन माल चालतो. चाळीस फुटी आकाराने दुप्पट असला तरी त्यातही २६ ते २८ टनच बसतो, कारण कंटेनरसकट एकूण वजनाची मर्यादा जवळपास तीच राहते. फरशी, लोखंड किंवा धान्याची पोती चाळीस फुटीत भरली तर अर्ध्या जागेतच वजन संपतं आणि उरलेल्या हवेचं भाडं तुम्ही भरता. नेमकी मर्यादा त्या कंटेनरच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेली असते. रस्त्याची वजनमर्यादा बहुतेकदा त्याहून कमी असते, म्हणून माल जिथून निघतो आणि जिथे पोचतो अशा दोन्ही ठिकाणची विचारून घ्या.

हलक्या मालाचा प्रश्न जागेचा. आतली मापं साधारण अशी (लांबी × रुंदी × उंची):

वीस फुटी: ५.९० × २.३५ × २.३९ मीटर, ३३ सीबीएम
चाळीस फुटी: १२.०३ × २.३५ × २.३९ मीटर, ६७ सीबीएम
चाळीस फुटी हाय क्यूब (जास्त उंचीचा): १२.०३ × २.३५ × २.६९ मीटर, ७६ सीबीएम

हे आकडे रिकाम्या डब्याचे. भरताना २६–२८, ५५–५८ आणि ६५–६८ सीबीएम धरा, तेही खोकी नीट बसली तर. ती बसतात का, हे थर मोजल्याशिवाय कळत नाही.

समजा ६० × ४० × ४० सेंमीची ३०० खोकी आहेत. एकूण २८.८ सीबीएम. कागदावर वीस फुटी पुरतो. आता थर लावा. रुंदीत तीन खोकी आडवी आणि एक उभं, म्हणजे २.२० मीटर. आडव्या रांगांत लांबीला १४ आणि उभ्या रांगेत ९, म्हणजे एका थरात ५१ खोकी. उंची २.३९ मीटर, सहा थरांना लागते २.४०. एका सेंटिमीटरसाठी सहावा थर गेला! पाच थरांत २५५ खोकी बसली आणि ४५ बाहेर राहिली. खोक्याची उंची ३९ सेंमी करता आली तर सहा थर २.३४ मीटरमध्ये बसतात, म्हणजे ३०६ खोकी. मात्र दाराची उंची आतल्या उंचीपेक्षा कमी, सुमारे २.२८ मीटर असते, त्यामुळे दाराशी असलेल्या शेवटच्या ओळीत वरचा थर जाईलच असं नाही. तिथली चार सोडली तरी ३०२ उरतात. तेव्हा कंटेनर बदलण्याआधी खोक्याच्या मापाकडे बघा. भरल्यावर खोकी फुगतात, म्हणून माप भरलेल्या खोक्याचंच घ्या.

हाच हिशेब चाळीस फुटीत केला तर ४० सेंमीच्याच खोक्यांचे साध्या कंटेनरमध्ये पाच थर, ५५० खोकी. हाय क्यूबमध्ये सहा थर, ६६०. दोन्हींचं भाडं बऱ्याचदा जवळपास सारखं असतं, म्हणून हलक्या मालाला आधी हाय क्यूबचा भाव विचारावा. वाटेत कमी उंचीचे पूल नाहीत ना, एवढं मात्र ट्रकवाल्याकडून कळून घ्या.

पॅलेट असतील तर वेगळी गंमत. १२०० × १००० मिमीची पॅलेट वीस फुटीत सरळ दोन रांगांत लावली की आठ बसतात, पण दहा बसवता येतात: प्रत्येक रांगेत चार पॅलेटची १.२ मीटर बाजू कंटेनरच्या लांबीत ठेवा आणि पाचवं फिरवून लावा. एका रांगेत फिरवलेलं पॅलेट आतल्या भिंतीशी, दुसऱ्या रांगेत दाराशी. दोन्ही समोरासमोर आली तर १.२ अधिक १.२ म्हणजे २.४ मीटर, आणि २.३५ मीटर रुंदीत ती बसत नाहीत. अशी मांडणी ५.८ मीटर लांबी खाते, म्हणून पॅलेटबाहेर पाच सेंटिमीटरही माल लोंबता कामा नये.

माल १५ सीबीएमच्या आसपास असेल तर पूर्ण वीस फुटी आणि इतरांच्या मालासोबतचा भाग, दोन्हींचे दर मागवा. इतरांसोबतच्या भागात समुद्रमार्गे मालाचे सीबीएम आणि टन, यांतला मोठा आकडा धरून भाडं आकारलं जातं. माल ३५ सीबीएम भरला, वजनाने हलका असेल, तर दोन वीस फुटींऐवजी एक चाळीस फुटी बहुधा स्वस्त पडतो.

उंच यंत्र वरून उतरवायचं असेल तर ओपन टॉप (वरून उघडा कंटेनर), रुंदीत बाहेर येत असेल तर फ्लॅट रॅक (बाजूच्या भिंती आणि छत नसलेला). शीतकंटेनरमध्ये जाडजूड भिंतींमुळे आतली जागा कमी पडते, आणि भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल नेला की थंड हवा फिरत नाही.

भरताना अर्ध्या लांबीत ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन येऊ देऊ नका, नाहीतर उचलताना कंटेनर कलतो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन जहाजावर चढवण्याआधी कळवणं बंधनकारक आहे. ते न दिल्यास कंटेनर बंदरातच राहतो, म्हणून बुकिंग करतानाच वजन कुठे करायचं ते ठरवून ठेवा.