आजीमायच्या आठवणी जपायच्या कशा
आजीमाय नव्वदीच्या पुढं असेल तर जन्मतारीख विचारूच नका, '१९७२ च्या दुष्काळात तुझी लेकरं केवढी होती' असं विचारा, हिशोब आपोआप लागतो. घरात बसवून इंटरव्ह्यू नको, मी केला होता, तासभर नुसतं हं-हं. बांधावर निंबाखाली न्या, तिला सांगून मोबाईलचं रेकॉर्डिंग लावा अन् गप बसा. आमची टिटवीवर सुरू झाली, अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त म्हणे, अन् अंडी दिसली की वखर तेवढी जागा सोडून फिरवायला लावायची, आजोबा कितीही चिडोत. अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी अहिराणीतच लिहा, उगाच शुद्ध मराठी करू नका, चव जाते. राखेत ठेवलेलं गिलक्याचं बी सापडलं तर डब्यावर वर्ष टाका, थोडं लावूनही बघा. आमच्या कुंपणावर चढलंय यंदा.