नव्या इंडी अल्बमचं परीक्षण लिहिताय? या चुका टाळा

इंडी (म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे निघणाऱ्या) रॉक किंवा अल्टरनेटिव्ह अल्बमचं फसलेलं परीक्षण ओळखायची एक सोपी चाचणी आहे. त्यातली बँडची आणि गाण्यांची नावं खोडा आणि भलत्याच बँडची टाका. "दमदार गिटार, जोरकस ड्रम्स, थेट काळजाला भिडणारे शब्द, आधीच्या कामापेक्षा अधिक प्रगल्भ" हा मजकूर तरीही चपखल बसला, तर लिहिणाऱ्याने अल्बम ऐकला होता का हे कळायला मार्गच उरत नाही. बहुतेक वेळा त्याने ऐकलेला असतो. पण लिहायला बसला की ऐकलेलं बाजूला राहतं आणि अल्बमच्या अवतीभवतीचा मजकूर कागदावर उतरतो: प्रेस नोट, कलाकाराची कहाणी, जुन्या बँडांची नावं, आकडे. खाली ज्या चुका मांडल्यात त्यातल्या बऱ्याचशा याच एका खोडीतून येतात.

प्रेस नोटची री ओढणं

मोठ्या लेबलकडे, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीकडे, प्रसिद्धीचं काम बघणारी माणसं असतात. स्वतंत्र कलाकाराची नोट बऱ्याचदा त्याने स्वतः नाहीतर त्याच्या एखाद्या मित्राने लिहिलेली असते. अल्बमबद्दल त्याला काय वाटतं ते तीत असतं. अल्बममध्ये काय आहे ते असेलच असं नाही. "ही गाणी वियोगाची आहेत" असं एकदा वाचलं की चौथ्या गाण्यातला उघड विनोदही रडवेला ऐकू यायला लागतो. म्हणून निदान पहिल्या ऐकण्यापर्यंत नोट उघडू नका. परीक्षण लिहून झालं की ती शेजारी ठेवा आणि तिच्यात नसलेलं असं तुमच्या कानाने टिपलेलं काय लिहिलंय ते शोधा. काहीच सापडलं नाही, तर परत ऐकायला बसा.

कहाणी जितकी सुरेख, तितका धोका मोठा. बोन इव्हेरच्या 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'चं बघा. या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननने तो २००७ मध्ये स्वतःच काढला, २००८ मध्ये जॅगजॅगुवार या लेबलने तो दूरवर पोचवला, आणि त्याच्याबरोबर विस्कॉन्सिनमधल्या केबिनमध्ये एकट्याने काढलेल्या हिवाळ्याची गोष्टही पोचली. गोष्ट खरीच आहे. पण ती डोक्यात ठेवून अल्बम लावला तर एक बाब हमखास निसटते: व्हर्ननने स्वतःचाच फॉल्सेटो (उंच पट्टीतला पातळ आवाज) एकावर एक चढवत नेलाय, त्यामुळे एकाच माणसाचा गायनवृंद ऐकू येतो. "एकाकी माणसाचा अल्बम" हे गोष्ट ऐकलेला कुणीही लिहील. आवाजांच्या एवढ्या गर्दीतून एकाकीपण कसं काय पोचतं, हे लिहायला मात्र अल्बम ऐकावा लागतो.

दोष फाइलचा, शिव्या बँडला

या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

परीक्षणासाठी येणारी प्रत बहुधा खाजगी स्ट्रीमिंग लिंक असते. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळणारा स्ट्रीम १२८ केबीपीएस एमपी३, म्हणजे आवाजातला काही भाग गाळून छोटा केलेला, असतो. तोच अल्बम विकत घेऊन उतरवला तर काहीही न गाळलेली एफएलएसी फाइल मिळते. सगळीकडे फरक कळेलच असं नाही, पण ड्रमच्या झांजा, गिटारचा दाट फझ (मुद्दाम फाटवलेला आवाज) आणि लांब रिव्हर्ब (घुमत राहणारा आवाज) या तीन ठिकाणी तो कळू शकतो. इंडी रॉकमध्ये नेमकी याच तिघांची रेलचेल असते. झांजा पाण्यातून आल्यासारख्या सुळसुळायला लागल्या, तर इंजिनिअरला नावं ठेवण्याआधी फाइल तपासा. कलाकाराकडे एफएलएसी किंवा तशीच न गाळलेली डब्ल्यूएव्ही फाइल मागा. स्वतंत्र कलाकार ती आनंदाने देतात. त्याच पत्रात हेही विचारा की हे अंतिम मास्टर (पातळी आणि पोत शेवटचा जुळवून प्रकाशनाला तयार केलेली प्रत) आहे की आधीचा मिक्स (सगळी वाद्यं आणि गळे नुसते एकत्र बसवलेली प्रत), आणि गाण्यांचा क्रम हाच राहणार आहे का. "मिक्स कच्चा वाटतो" असं छापून बसायचं आणि मग कळायचं की आपण मास्टरिंगच्या आधीची प्रत ऐकत होतो, ही नामुष्की एका ओळीच्या पत्राने टळते.

मग स्वतःचा फोन बघा. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद, नाहीतर दोन गाण्यांमधली मुद्दाम ठेवलेली शांतता अॅप परस्पर गिळून टाकतं. कधीकाळी चालू करून विसरलेला 'बास बूस्ट' बंद. हेडफोन आणि स्पीकर दोन्हींवर ऐका.

आवाजाची पातळी हे वेगळंच प्रकरण आहे. दोन ध्वनिमुद्रणांपैकी किंचित मोठ्याने वाजणारं आपल्याला 'जास्त चांगलं' वाटतं, सरावलेल्या कानांनाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं; तुमच्याकडे आलेली मूळ फाइल त्याहून बरीच मोठ्याने किंवा हळू वाजणारी असू शकते. तेव्हा नवा अल्बम फाइलवरून आणि त्याच बँडचा जुना अल्बम अॅपवरून ऐकून "या वेळी आवाजात जास्त ताकद आहे" असं लिहिलंत, तर ती ताकद नुसत्या व्हॉल्यूमची असू शकते. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच पातळीवर ऐका.

आता नेहमीची तक्रार: "पाचव्या गाण्यानंतर सगळं सारखंच वाटायला लागलं." याची तीन कारणं संभवतात. गाणी खरंच एकाच लयीची आणि एकाच घडणीची असतील. मास्टरिंगमध्ये सगळं इतकं दाबलं असेल की हळू आणि मोठा यांतला फरकच उरला नाही. किंवा तुमचे कान थकले असतील. कोणतं कारण हे ठरवायला दुसऱ्या दिवशी सहाव्या गाण्यापासून सुरुवात करा. गाणी ताजी वाटली तर दोष त्यांचा नव्हता. ताजी वाटूनही थोड्याच वेळात डोकं भणभणायला लागलं तर मास्टरिंगवर संशय घ्या. आणि पहिल्या मिनिटापासून "हे तर कालच ऐकलं" असं झालं, तर खुशाल लिहा की गाणी सारखी आहेत.

वादन आणि मास्टरिंग यांची फारकत किती असू शकते हे मेटालिकाच्या २००८ मधल्या 'डेथ मॅग्नेटिक'ने जगाला दाखवलं. हा बँड इंडी मुळीच नाही, पण धडा सगळ्यांना लागू आहे. अल्बम कर्कश आणि फाटका वाजतो अशी ओरड चाहत्यांनीच केली, कारण 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी, तेच वादन जास्त मोकळं आणि स्वच्छ ऐकू येत होतं. "ड्रमर ठोकत सुटलाय" असं लिहिण्याआधी हे आठवलेलं बरं.

श्रेयनामावलीही नीट वाचा. ध्वनिमुद्रण, मिक्स, मास्टरिंग आणि निर्मिती ही चार वेगळी कामं आहेत, मग ती एकाच माणसाने केलेली का असेनात. अमेरिकन ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी स्वतःला 'निर्माता' म्हणवून घ्यायला राजी नसे. आपण फक्त बँड जसा वाजतो तसा मुद्रित करतो असं त्याचं म्हणणं, आणि त्यासाठी तो रॉयल्टीही घेत नसे. अशा माणसाच्या हातून गेलेल्या अल्बमवर "निर्मात्याने बँडला नवं वळण दिलं" असं लिहिणं म्हणजे मागचं पान न वाचल्याची कबुलीच.

खरखरीचा अर्थ न विचारता लावणं

लो-फाय, म्हणजे साध्या साधनांवर मुद्रित झालेला खडबडीत ध्वनी दिसला की एक गट "हौशी" म्हणून हिणवतो, दुसरा "प्रामाणिक" म्हणून कुरवाळतो. दोघांनीही ऐकायचे कष्ट वाचवलेले असतात. गाइडेड बाय व्हॉइसेस या बँडचा १९९४ मधला 'बी थाउझंड' घरगुती यंत्रणेवर, बराचसा चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर मुद्रित झाला. २० गाणी, जेमतेम ३६-३७ मिनिटं. काही गाणी सुरू होता होता संपतात. त्यातली खरखर त्या तुटकपणाशी जुळते म्हणून चालते, नुसती खरखर आहे म्हणून नाही.

तेव्हा प्रश्न असा विचारा: हा खडबडीतपणा गाण्याला मदत करतोय की आडवा येतोय? गायकाचा आवाज गिटारच्या भिंतीमागे गेला असेल तर शूगेझमध्ये (गिटारच्या दाट, धूसर आवाजात गळा बुडवणारी रॉकची शैली) तो रिवाजच आहे. तिथे शब्दांपेक्षा स्वरांची रेघ महत्त्वाची. पण तेच एखाद्या गोष्ट सांगणाऱ्या, शब्दांवर उभ्या असलेल्या गाण्यात झालं तर ती चूक आहे, आणि ती चूक म्हणूनच लिहावी. फझ पेडलचं डिस्टॉर्शन आणि पातळी ओलांडल्यामुळे फाटलेला डिजिटल आवाज यांतही गल्लत नको. पहिलं गिटारवरच असतं. दुसरं बहुधा सगळं एकदम मोठं झालं की बासपासून गळ्यापर्यंत साऱ्यावर चरचरतं.

'अमुक अधिक तमुक'

तुलना करायला हरकत नाही, पण नुसती नावं लिहून सोडू नका. कशात सारखेपणा आहे ते सांगा: गिटारच्या ट्यूनिंगमध्ये, ड्रमच्या चालीत, की ओळ अर्धवट सोडायच्या सवयीत? ते सांगता येत नसेल तर तुलना बहुधा कपड्यांवरून किंवा पोस्टरवरून सुचलेली असते. हातात गिटार असलेली गायिका दिसली की तिची तुलना फक्त इतर गायिकांशीच करायची, ही तर जुनीच खोड. तिने रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) कुणाकडून उचलला असेल तर तो पुरुष गिटारवादकही असू शकतो की.

वर्णन करायला संगीताचं शास्त्र यावंच लागतं असं नाही. समजा तुम्ही लिहिलंत, "गिटारचं काम भन्नाट आहे." आता तेच गाणं परत लावून जे घडतं ते लिहा: "दोन गिटार आहेत. डावीकडची गाणंभर एकच तार छेडत राहते. उजवीकडची फक्त कोरस आला की फझ लावून घुसते, आणि शेवटच्या कोरसला आपण तिची वाट बघतो तर ती येतच नाही." यात संगीतशास्त्रातला एकही अवघड शब्द नाही, पण वाचणाऱ्याला गाणं लावून बघावंसं वाटेल, आणि 'भन्नाट' न म्हणताही तुमचं मत कळलं.

गाण्यांची यादी म्हणजे परीक्षण नव्हे

पहिलं गाणं असं, दुसरं तसं, करत दहाव्यापर्यंत गेलात तर वाचक तिसऱ्याला पळतो. दोन-तीन गाणी निवडा, बाकीची ओझरती आली किंवा राहिली तरी चालेल. क्रमाकडे मात्र बघा. अल्बम व्हिनाइलवरही निघणार असेल तर तबकडीच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटंच नीट मावतात, आणि मध्याकडे सरकताना वरचे स्वर मंदावतात. म्हणून शांत गाणं बाजूच्या शेवटी ठेवायची जुनी पद्धत आहे. "पाचव्या गाण्याला अल्बम अचानक थंडावतो" असं वाटलं तर ते पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आहे का ते तपासा. तसंच सुरुवातीच्या मिनिटभर फीडबॅकचं, म्हणजे स्पीकरसमोर गिटार धरल्यावर उठणाऱ्या घुमाऱ्याचं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो हे कलाकाराला ठाऊक असतं. तरीही तो मिनिटभर काहीच सुरू करत नसेल तर त्याने काहीतरी ठरवलेलं आहे. तो निर्णय फसलाही असेल, पण दखल घेण्याजोगा नक्कीच आहे.

दयेचे गुण आणि रागाचे गुण

"स्वतःच्या पैशाने केलंय, कौतुक व्हायलाच हवं" या भावनेतून दिलेले चार तारे कुणाच्याच उपयोगाचे नसतात. त्या कलाकाराच्या तर नाहीतच. स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला २०२४ पासून रॉयल्टीच मिळत नाही, हे अन्यायाचं वाटतं आणि त्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहावा. अल्बमच्या गुणांत मात्र ते मिसळू नये. फारसा कुणी न ऐकलेला अल्बम तुम्हालाही आवडला नाही, तर न लिहिणं हा मला रास्त पर्याय वाटतो. लिहायचं ठरवलंत तर मग हात आखडू नका. ओळखीच्या माणसाचा अल्बम असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात सांगा किंवा काम दुसऱ्याकडे द्या.

उलटं टोकही आहे. लिझ फेअरने १९९३ च्या 'एक्झाइल इन गायव्हिल'ने इंडी श्रोत्यांना जिंकलं होतं. २००३ मध्ये तिने स्वतःच्याच नावाचा, चकचकीत पॉपकडे झुकलेला अल्बम काढला तेव्हा पिचफोर्क या संगीत परीक्षणांच्या संकेतस्थळाने त्याला १० पैकी ०.० दिले. त्या परीक्षकाने २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली. गाणी सुमार असतील तर सुमार म्हणा. पण शून्य हा आकडा सहसा गाण्यांना मिळत नाही, "आमची होतीस आणि आम्हाला सोडून गेलीस" या रागाला मिळतो. आवडत्या बँडने दिशा बदलली की आधी मजकूर लिहा, गुण सगळ्यात शेवटी द्या. तोवर राग बराचसा वाक्यांमध्ये जिरलेला असतो.

तपशिलाच्या चुका

नावांची अक्षरं, कोण काय वाजवतं, पहिला अल्बम की आधी ईपी (अल्बमहून छोटे संच) आले होते, हे सगळं छापण्यापूर्वी तपासा. 'नवा' अल्बम खरंच नवा आहे का तेही. कार सीट हेडरेस्ट या बँडचा 'ट्विन फँटसी' २०११ मध्ये बँडकॅम्पवर आला होता आणि २०१८ मध्ये पूर्ण नव्याने मुद्रित होऊन परत आला. जुना न ऐकता नव्यावर लिहिणाऱ्याच्या हातून अर्धा विषयच निसटतो. ओळी उद्धृत करायच्या तर कानावर विसंबू नका. बँडकॅम्पच्या पानावर किंवा अल्बमच्या पुस्तिकेत शब्द बऱ्याचदा दिलेले असतात, नसतील तर विचारा. गाण्यातला 'मी' म्हणजे गायक स्वतःच, असंही धरून चालू नका.

एवढं करूनही चूक राहिली आणि कलाकाराने पत्र पाठवलं, तर आधी ते तपशिलाबद्दल आहे की मताबद्दल ते बघा. बासवादकाचं नाव चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचं खाली नोंदवा. मत पटलं नाही म्हणून पत्र आलं असेल तर मजकुराला हात लावू नका, गुपचूप अर्धा तारा वाढवू तर नकाच. दोन ओळींचं सभ्य उत्तर द्या, आणि त्याने पत्रात एखाद्या गाण्याचा उल्लेख केला असेल तर ते गाणं आणखी एकदा लावा.