झोटेरो शिकताय ना? मग निदान या चुका तरी टाळा

सबमिशनचा सीझन आला की मला एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो, "ताई, माझं झोटेरो बिघडलंय." झोटेरो बिघडलेलं नसतं हो. संदर्भ गोळा करून ठेवणारं आणि प्रबंधात टाकून देणारं हे सॉफ्टवेअर २००६ पासून लोक वापरतायत, फुकट आहे, चांगलं चालतं. बिघडलेलं असतं ते आपण, कारण इन्स्टॉल करून दहा मिनिटांत प्रबंध लिहायला बसायचं असतं आणि मधलं काही वाचायचं नसतं.

आधी ती चूक सांगते जिने माझ्या दोन रात्री खाल्ल्या. समाजशास्त्राची एक ज्युनिअर होती, प्रबंध जवळजवळ तयार, पावणेतीनशेच्या आसपास संदर्भ, आणि सगळे झोटेरोतूनच टाकलेले, म्हणजे शहाणी मुलगी. वर्डमध्ये अशा संदर्भावर क्लिक केलं की कंसाच्या मागे राखाडी पट्टा दिसतो, बघितला असेल तुम्ही. तो पट्टा म्हणजे तिथे साधा मजकूर नाही, झोटेरोशी जोडलेलं फील्ड आहे एवढंच, प्रिंटमध्ये तो येत नाही. पण हिला वाटलं येणार, आणि सरांना असलं काही चालत नाही, म्हणून तिने झोटेरोच्या टॅबमध्ये शोधाशोध केली, 'अनलिंक सायटेशन्स' नावाचं बटण सापडलं, दाबलं. मध्ये एक इशाऱ्याची चौकट येते, स्पष्ट लिहिलेलं असतं की आता यापुढे संदर्भ अपडेट होणार नाहीत. ती चौकट आपण कशी वाचतो ते मी सांगायला नको. राखाडी गेलं, मुलगी खूश, फाईल सेव्ह करून बंद.

तीन दिवसांनी सरांचा निरोप, संदर्भांची एपीए शैली नको, शिकागो करा. जोडलेल्या फाईलमध्ये हे काम किती, तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेस उघडायचं, यादीतून शैली निवडायची, ओके. चहा उकळायच्या आत होतं. इथे पावणेतीनशे संदर्भ मेलेले, आणि फाईलची कॉपी? "ताई, एकच फाईल आहे." शेवटी सरांना महिन्यापूर्वी पाठवलेली पहिली तीन प्रकरणं तिच्या सेंट मेलमध्ये जिवंत सापडली, त्यांत फील्ड शाबूत होती. चौथं आणि पाचवं आम्ही दोघींनी बसून केलं, कंस खोडायचा, झोटेरोतून तोच संदर्भ शोधायचा, परत टाकायचा, पुढचा. पहाटे साडेतीनला ती रडायला लागली आणि मला हसू आवरेना, दोन्ही झोपेमुळे.

तर माझी सवय सांगते. अनलिंक हे बटण माझ्यासाठी नाहीच असं मी धरते, अगदी छपाईला जायच्या दिवसापर्यंत. आणि तेव्हाही आधी 'सेव्ह अ‍ॅज', मग त्या कॉपीवर. मूळ फाईल कायम जिवंत.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे अर्धं वर्डमध्ये, अर्धं गुगल डॉक्समध्ये. मैत्रिणीने डॉक्समध्ये उघडून सुधारणा केल्या, परत डॉकएक्स म्हणून डाऊनलोड केली, की फील्ड गेली. एकातून दुसऱ्यात जायचंच असेल तर झोटेरोच्या प्लगइनमध्ये (वर्ड-डॉक्सला जोडलेल्या त्याच्या टॅबमध्ये) त्यासाठी वेगळा पर्याय दिलाय, त्यानेच जा.

आता माझा सगळ्यात लाडका राग. माहिती न तपासता गोळा करत सुटणे. ब्राउझरमध्ये कनेक्टरचं बटण असतं, पानावरून थेट झोटेरोत नोंद टाकणारं, गुगल स्कॉलरवर शोधायचं, दिसतील तेवढे सगळे टिक करायचे, सेव्ह, की झाली म्हणे लायब्ररी. झाला तो उकिरडा. स्कॉलरवरून येणारी माहिती बऱ्याचदा अर्धवट असते, कुठे पानं नसतात, कुठे नियतकालिकाचं नाव कापलेलं, कुठे लेखकाचं आडनाव सगळं कॅपिटलमध्ये. त्यापेक्षा लेखाच्या मूळ पानावर जा आणि तिथून सेव्ह करा, नाहीतर डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक) किंवा पुस्तकाचा आयएसबीएन जादूच्या कांडीच्या बटणात टाका, माहिती बरीच स्वच्छ येते. बरीच म्हणतेय, पूर्ण नाही.

मराठीत काम करणाऱ्यांचे तर हाल वेगळेच. जुन्या पीडीएफ श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या, त्यातून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी बाहेर पडते, आणि स्कॅन केलेल्या असतील तर तेवढंही नाही. असली पीडीएफ झोटेरोत ओढून टाकली आणि आपोआप माहिती भरेल म्हणून वाट बघत बसलं तर बसूनच राहाल. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातले, प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये असतात, लोक सगळ्या ओढतात आणि एका प्रबंधाच्या आठ नोंदी होतात, त्यातल्या एकीचं शीर्षक 'चॅप्टर ०३'. तिथे सरळ हाताने एक नोंद करा, प्रकार 'थिसिस' निवडा, विद्यापीठ आणि वर्ष भरा, सगळ्या पीडीएफ त्याच नोंदीला जोडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण हाताने काही भरायचं म्हटलं की हल्लीच्या पोरांचे चेहरे पडतात.

मी काय करते, तर नोंद आली की लगेच पाच रकाने बघते, लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, पानं. बरोबर असेल तर 'तपासलं' असा टॅग लावते. टॅग नसलेली नोंद मी प्रबंधात टाकतच नाही. कोणी म्हणेल फार कटकट आहे. असू दे.

लेखकाचं नाव बघताना एक खास बघा. संस्था लेखक असेल तर नावाच्या रकान्याशेजारच्या बटणाने दोन खाने एक करायचे असतात. नाही केले तर सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं, आणि मग यादीत 'शासन, महाराष्ट्र' असे गृहस्थ अवतरतात. जागतिक आरोग्य संघटनेचं 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' झालेलं तर मी छापून बांधलेल्या प्रबंधात पाहिलंय, सोनेरी अक्षरांच्या कव्हरमध्ये.

बाकीच्या पटापट.

झोटेरोचं डेटा फोल्डर गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्हमध्ये हलवू नका. आत एक डेटाबेस फाईल असते, ती उघडी असताना ड्राइव्हने उचलली की खराब होऊ शकते, मग रडारड. झोटेरोचा स्वतःचा सिंक वापरा. ३०० एमबी जागा फुकट मिळते ती पीडीएफनी चटकन भरते हे खरं, पण ती मर्यादा फाईलींना आहे, नोंदींना नाही, फाईलींचा सिंक बंद ठेवून नुसत्या नोंदी सिंक करता येतात. बॅकअप हवा तर झोटेरो बंद करून अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर. मी दर रविवारी करते, केस धुतले की.

एकच लेख दोनदा आला तर एक डिलीट करू नका, मर्ज करा. डिलीट केलेला नेमका फाईलमध्ये वापरलेला निघतो.

पान क्रमांक कंसात हाताने लिहू नका, पुढच्या रिफ्रेशला तो उडेल किंवा झोटेरो दर वेळी विचारत बसेल. संदर्भ टाकताना जो बबल दिसतो त्यावर क्लिक करून तिथे पान लिहा.

संदर्भसूचीतली चूकही वर्डमध्ये दुरुस्त करायची नाही, झोटेरोतली नोंद दुरुस्त करायची. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझ्या आवाजातच चीड येते.

आणि मेंडेली (असंच दुसरं सॉफ्टवेअर) चांगलं की झोटेरो चांगलं यावर महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका. एक घ्या.

राहिला मराठी आणि इंग्रजी संदर्भांचा घोळ. बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या याद्या मागतात, आणि झोटेरो एकच यादी देतं. शिवाय शैली इंग्रजी असली तर मराठी लेखकांच्या मागेही 'एट अल' चिकटतं, तिथे 'व इतर' हवं असतं. यावर मला अजून तरी हाताने करण्यापलीकडे मार्ग सापडलेला नाही. सगळं संपलं, सरांची सही झाली, की 'सेव्ह अ‍ॅज', त्या कॉपीत अनलिंक, मग यादी कापून दोन भाग आणि 'एट अल' शोधून बदलणं. त्या कॉपीचं नाव मी 'छपाई_हात लावू नये' असं ठेवते, तरी एकदा लावलाच होता.