मिलची स्मरणसभा : भाषण कमी, वाद जास्त

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलची जयंती २० मे (१८०६, लंडन), पुण्यतिथी ७ मे (१८७३, आव्हिन्यों). दहा-पंधरा माणसं आणि दोन तास पुरतात. हारतुरे आणि अध्यक्षीय भाषण टाळा. त्यातच अर्धा तास जातो.

आठवडाभर आधी सगळ्यांना त्याच्या ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या व्यक्तिस्वातंत्र्यावरच्या पुस्तकाचं फक्त दुसरं, विचार आणि भाषणाच्या स्वातंत्र्यावरचं प्रकरण वाचायला सांगा. अख्खं पुस्तक सांगितलंत तर निम्मे जण न वाचता येतील.

चरित्र दहा मिनिटांत आटपा. तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकल्याच्या किश्श्यात रमू नका. त्याची सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हॅरिएट टेलरचा त्याच्या विचारांतला वाटा सांगा, आणि त्याची १८६७ सालची पार्लमेंटमधली दुरुस्तीसूचना : मताधिकाराच्या विधेयकात ‘पुरुष’ऐवजी ‘व्यक्ती’ म्हणा. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली.

मग तासभर वाद. प्रश्न एकच, जिवंत : भावना दुखावतात म्हणून नाटकावर बंदी घालावी का? बहुतेकांना नकोशी असलेली बाजू गटातल्या सर्वांत तयारीच्या माणसाकडे द्या. ती बाजू खरोखर मानणारा कोणी मिळाला तर उत्तमच. मिलची अपेक्षा तीच आहे. कच्चा वक्ता दिला की समोर बुजगावणं उभं राहतं आणि सगळे आपापल्या मतावर खूश होऊन घरी जातात. नियम एवढाच : खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो “हो, हेच” म्हणाला तरच पुढे.

मिलचं तत्त्व असं : दुसऱ्याला इजा होत असेल तरच कोणाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालता येतं. वाद हमखास अडतो तो या ‘इजा’ शब्दावर. कोणी राग आला यालाच इजा म्हणतं, कोणी फक्त मारहाणीला. अशा वेळी तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीचं उदाहरण वाचून दाखवा : धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे छापायला मोकळीक हवी, पण तेच व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे बोललं तर शिक्षा होऊ शकते. मत तेच, परिस्थिती वेगळी.

वीस मिनिटं हिंदुस्थानासाठी राखा, आणि ती वादातून कापू देऊ नका. मिलने १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली, आणि याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ‘मागासलेल्या’ समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळलं. तो परिच्छेद मोठ्याने वाचा. लगेच आगरकरांच्या ‘सुधारक’मधला (१८८८ पासून) एखादा लेख घ्या. मिल वाचलेल्या या माणसाने व्यक्तिस्वातंत्र्याचा तोच युक्तिवाद इथल्या रूढींविरुद्ध वापरला. मिलने आपल्याला वगळलं, तरी आगरकरांना तो का हवासा वाटला, हे गटाला विचारा.