रँकिंग घसरलं की लोक हमखास करतात त्या चुका, या टाळा

गूगलचा मोठा अपडेट, म्हणजे सर्चमध्ये पानांचा क्रम ठरवायच्या पद्धतीतला बदल, आला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, ट्रॅफिक निम्म्यावर आलंय काय करू, आणि त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलेलं असतं की टायटल सगळे बदललेत, जुनी पानं उडवलीत, थीम पण नवीन टाकलीय. म्हणजे विचारायच्या आधीच सगळं करून मोकळे. अपडेटने होतं त्यापेक्षा जास्त नुकसान या घाईने होताना मी बघत आलोय, म्हणून एकदा नीट लिहितोय.

रोलआउट चालू असताना साइटला हात लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार. असा मोठा अपडेट, म्हणजे कोअर अपडेट, एका रात्रीत लागत नाही, त्याचं रोलआउट, म्हणजे हळूहळू लागू होणं, बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे चालतं. मार्च 2024 चा तर 5 मार्चला सुरू झाला आणि 19 एप्रिलला संपला, 45 दिवस! या काळात आकडे वरखाली होणारच, आज खाली गेलेलं पान चार दिवसांनी परत वर दिसू शकतं. सुरू कधी झाला, संपला कधी, हे गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर तारखेसकट असतं, आणि गूगल स्वतःच सांगतं की अपडेट पूर्ण झाल्यावर निदान एक आठवडा थांबा, मग तो आठवडा अपडेट सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. इतकं साधं आहे पण थांबायला कोणी तयारच नसतं.

ओळखीतल्या एकाची घरातल्या झाडांवर साइट आहे, वर्षानुवर्षं मेहनत करून उभी केलेली, झाडाची पानं पिवळी का पडतात, कुंडी कधी बदलायची असे लेख. अशाच एका रोलआउटच्या पहिल्या आठवड्यात त्याचे क्लिक पडले. कुणीतरी सांगितलं यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते, लहान कर, त्याने सगळे यूआरएल बदलले पण जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारे रिडायरेक्ट लावलेच नाहीत. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की कमी ट्रॅफिकचे लेख साइटला खाली ओढतात, ते लेख डिलीट केले. वर टायटल सगळे एकगठ्ठा प्लगइनने बदलले. रोलआउट संपेपर्यंत साइट पार तळाला, आणि यातलं अपडेटमुळे किती गेलं आणि त्याच्या बदलांमुळे किती, हे सांगायला काही मार्गच उरला नव्हता. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी चालतेय ते दाखवणारं गूगलचं टूल) तारखा लावून बघितलं तेव्हा कळलं की सुरुवातीला पडली होती ती फक्त कुंड्या आणि खतांच्या रिव्ह्यूची मोजकी पानं. निगा राखायचे लेख जागच्या जागी होते. आणि डिलीट केलेल्या लेखांपैकी काहींना बाहेरच्या चांगल्या साइट्सनी स्वतःहून लिंक दिलेल्या होत्या. मग बॅकअपमधून लेख परत आणले, एकेका जुन्या यूआरएलला 301, म्हणजे कायमचा रिडायरेक्ट, लावला, सावरायला कित्येक महिने गेले. जी रिव्ह्यूची पानं खरंच कमजोर होती त्यांच्याकडे तोवर कुणाचं लक्षच नव्हतं.

माझी सवय सांगतो. प्रत्येक साइटची एक शीट ठेवायची, त्यात तारीख, काय बदललं, का बदललं. रोलआउट चालू असताना ठरलेलं नवीन लिखाण टाकायचं, बाकी काही नाही. 301 निदान वर्षभर ठेवा असं गूगल म्हणतं, मी तर काढतच नाही.

एकूण ग्राफ बघून घाबरणं

एकूण ग्राफवरून काही कळत नाही. आधी पानांनुसार बघा, मग क्वेरीनुसार (लोकांनी शोधलेले शब्द), मग मोबाइल-डेस्कटॉप. पोझिशन 2 वरून 4 वर आली असेल तर हात लावू नका. 4 वरून 29 वर गेली असेल तर मात्र पूर्ण साइटकडे नीट बघावं लागेल, वाचणाऱ्याला आपल्या पानावर असं काय मिळतं जे दुसरीकडे मिळत नाही हा प्रश्न स्वतःला खरेपणाने विचारावा लागेल. आणि पोझिशन तीच, इम्प्रेशन (रिझल्टमध्ये किती वेळा दिसलात) तेवढेच, फक्त क्लिक कमी झालेत? मग स्वतः तो सर्च करून रिझल्टचं पान बघा, वर एआय ओव्हरव्ह्यू (गूगलने एआयने तयार केलेलं उत्तर) किंवा व्हिडिओ आले असतील. तिथे लेख परत लिहून काढण्यात वेळ घालवू नका.

सीझनचं पण तसंच, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी तुलना करा. सर्च कन्सोल 16 महिन्यांचाच डेटा ठेवतं, म्हणून मी दर महिन्याला एक्सपोर्ट करून ठेवतो. सप्टेंबर 2025 मध्ये गूगलने एका पानावर 100 रिझल्ट दाखवायची यूआरएलमधली सोय बंद केली, तेव्हा बऱ्याच साइट्सचे इम्प्रेशन धाडकन खाली आले आणि सरासरी पोझिशन उलट सुधारलेली दिसली. ज्यांनी क्लिक बघितले ते शांत राहिले, ज्यांनी नुसता ग्राफ बघितला ते साइट उलटीपालटी करत बसले.

साइट आपणच बंद केलीय का हे न बघणं

नवीन डिझाइन लाइव्ह केलं आणि टेस्टिंगच्या वेळचं नोइंडेक्स (हे पान सर्चमध्ये घेऊ नका सांगणारी खूण) तसंच राहिलं, हे फार होतं. वर्डप्रेसमध्ये तर रीडिंग सेटिंगमधली एक टिक, सर्च इंजिनला ही साइट इंडेक्स करू नका सांगणारी. योगायोगाने त्याच आठवड्यात अपडेट असला की सगळा दोष अपडेटला. घसरण दिसली की मी सर्च कन्सोलमध्ये आधी मॅन्युअल अॅक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई), मग सिक्युरिटी इश्यू, मग पेज इंडेक्सिंगचा रिपोर्ट बघतो, आणि दोन-चार महत्त्वाची पानं यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकतो. मॅन्युअल अॅक्शनमध्ये काही नसेल तर कृपया पेनल्टी पेनल्टी म्हणू नका, कोअर अपडेटमध्ये खाली जाणं म्हणजे शिक्षा नाही, बाकीची पानं जास्त उपयोगी वाटली एवढाच त्याचा अर्थ.

बाकीच्या पटापट.

लेख तोच आणि तारीख फक्त नवीन, हे करू नका, वाचणाऱ्याची ही फसवणूक आहे.

अमुक इतके शब्द हवेतच असा गूगलचा नियम नाही. दोन परिच्छेदांत उत्तर संपत असेल तर तिथेच संपवा.

साइट किती वजनदार आहे हे सांगणारे टूलवाल्यांचे ऑथॉरिटी स्कोअर हे त्या टूलचे स्वतःचे असतात, गूगल ते वापरत नाही.

दुसऱ्या साइट्सकडून लिंक विकत घेऊ नका. असल्या लिंकवर आलेल्या 2012 च्या पेंग्विन अपडेटपासून लोक यात बुडतायत तरी दर वेळी नवीन कुणीतरी पॅकेज घेऊन येतोच. तसंच डिसअव्हाउ फाइलमध्ये (या लिंक धरू नका असं गूगलला सांगणारी यादी) दिसेल ते डोमेन टाकणं पण बंद करा, मॅन्युअल अॅक्शन आलेली नसेल तर बहुतेकांना त्याची गरजच नसते.

एआयने एका झटक्यात शेकडो पानं पाडून भरपाई होईल असं वाटत असेल तर मार्च 2024 मध्येच गूगलने अशा घाऊक पानांवर स्पॅमचा नियम आणलाय. सहा महिन्यांची मेहनत दोन दिवसांत उरकायची ही घाई मला खरंच कळत नाही.

आणि शेवटचं, रिमूव्हल टूल, म्हणजे सर्चमधून यूआरएल तात्पुरता लपवायचं सर्च कन्सोलमधलं टूल. एचटीटीपीएसवर (सुरक्षित पत्त्यावर) गेल्यावर जुने एचटीटीपीवाले यूआरएल लवकर जावेत म्हणून काहीजण ते या टूलमध्ये टाकतात. हे टूल एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, नसलेला, सगळेच प्रकार एकत्र लपवतं, साधारण सहा महिन्यांसाठी, म्हणजे चांगलं चालणारं पान पण गेलं. असं झालं असेल तर त्याच टूलमध्ये जाऊन रिक्वेस्ट कॅन्सल करा, जुन्या यूआरएलना 301 लावा, आणि ते हळूहळू आपोआप जातील तेवढं थांबा.